आबांनी जपानी पोराला दिलेले गुण

आमच्या घरात कशालाही गुण मिळत. आईच्या भरताला मिळत, समोरच्या दुकानातल्या शेवेला मिळत, पाहुण्यानं दारात चपला कशा काढल्या त्यालाही मिळत. देणारे एकच, आमचे वडील, म्हणजे आबा. नशिराबादच्या अलीकडे आमची केळीची बाग होती आणि सगळं घर तिच्यावर चालायचं, पण आबांना कोणी 'काय करता' विचारलं तर ते गंभीरपणे सांगायचे, "परीक्षक आहे." भजन स्पर्धांचे परीक्षक. एरंडोल म्हणू नका, पारोळा म्हणू नका, जिथे कुठे चार गावची भजनी मंडळं समोरासमोर बसत तिथे मधल्या खुर्चीवर आमचे आबा असत. सूर, ताल, उच्चार आणि शिस्त, प्रत्येकाला दहा गुण. निकाल द्यायचा तो उभं राहून, टोपी सरळ करून, आणि एकदा दिला की ब्रह्मदेव आला तरी बदलायचा नाही. पारोळ्याला एकदा त्यांनी आमच्याच गावच्या मंडळाला तिसरा नंबर दिला. मंडळातल्या लोकांनी त्यांना परतीच्या जीपमध्ये घेतलं नाही. आबा हातात नारळ घेऊन एरंडोलच्या दिशेनं चालत निघाले, पण निकाल काही बदलला नाही. आई ही गोष्ट सांगताना अजून चिडायची, आणि आबा म्हणायचे, "त्यांचा मृदंग धावत होता, मी काय करू?"

आता माझेही गुडघे कुरकुरायला लागले आहेत आणि घरातली पोरं मला विचारतात की तुमच्या लहानपणी करमणूक काय होती. बाई गं, करमणुकीत तर मी जन्मलेच होते! घरात आम्ही पाच जण. आबा, आई, माझी मोठी बहीण अक्का, मी म्हणजे बेबी, आणि आईचे मामा. त्यांना सगळे नाना म्हणत. नाना धुळ्याकडचे, मामी गेल्यावर आमच्याकडेच येऊन राहिलेले. आबांच्या भजनात पखवाज वाजवत आणि अहिराणीशिवाय दुसरी भाषा बोलायची गरज त्यांना जन्मात वाटली नाही. दर गुरुवारी संध्याकाळी पुढच्या खोलीत भजन होई आणि पेटीवर अक्का बसे. आईच्या पोळ्या चालू, बाहेर हायवेवर ट्रकांचे हॉर्न, आणि त्या सगळ्यातून अक्काची पेटी एखाद्या शहाण्या माणसासारखी शांतपणे वाट काढत जायची. आबा तिच्याकडे बघायचे नाहीत. डोळे मिटून मान हलवायचे. अक्काला त्यांनी कधी गुण दिले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरच्या माणसाला परीक्षक गुण देत नाही." ते म्हणताना त्यांचा चेहरा मात्र चाळीसपैकी चाळीस होता.

आणि या अक्काचं, आमच्या सरळ, सुरेल, कामसू अक्काचं धुळ्यातल्या एका बँडवाल्यावर प्रेम बसलं होतं.

झालं असं की नानांच्या नात्यातल्या एका लग्नाला आबा सोडून आम्ही सगळे धुळ्याला गेलो होतो. वरात चालली होती, पुढे बँडचा गाडा, गाड्यावर ही मोठमोठी कर्ण्यांची रास, आणि मधे सोनेरी झालरीचा ढगळ कोट घालून एक काडीपैलवान कीबोर्ड वाजवत होता. बायका नाचत होत्या. अक्का चालता चालता थबकली, गर्दीतून वाट काढत थेट गाड्यापाशी गेली आणि त्या मुलाला म्हणाली, "तुमची मधली एक काळी पट्टी दबून राहते. सूर मागे घासत येतो." एवढंच. दुसरी एखादी असती तर पोरानं हसून उडवलं असतं. हा वाजवायचा थांबला, नाचणाऱ्या बायका हात वर करून तशाच उभ्या राहिल्या, आणि तो म्हणाला, "आजपर्यंत कोणालाच कळलं नव्हतं." नाव किरण. त्यानंतर फोनवर त्यांचं जे काही चाललं ते मला ठाऊक आहे, कारण रिचार्ज मी करत होते. तासभर फोन चाले आणि त्यात अर्धा वेळ दोघंही गप्प. मी म्हणायची, "अगं, निदान जेवलास का ते तरी विचार!"

आबांपुढे हे बोलायचं कोणी? भजनवाल्यांच्या लेखी बँडवाला म्हणजे सुराचा खून करून वर बिदागी मागणारा माणूस. आबा तर स्वच्छ सांगायचे, "बँडला सूर नसतो. बँडला नुसता आवाज असतो." त्यात सावद्याचं स्थळ चालून आलेलं. मुलगा केळीच्या गाड्या भरून उत्तरेला पाठवणारा, घर मोठं, माणसं चांगली, खोट काढायला जागा नाही. येत्या रविवारी बघायला येणार आणि पसंती तिथल्या तिथे सांगणार, असा निरोपही आला. अक्का रात्री पाठ करून झोपायची. खांदे हलायचे तिचे. मला तिचा राग यायचा, दया यायची आणि पुन्हा राग यायचा. "आबांना सांग ना," मी म्हणायची. ती म्हणायची, "ते एकदा नाही म्हणाले की संपलं, बेबी. ते नाही बदलणार."

तिच्या याच वाक्यावर माझं डोकं चाललं. आबा 'नाही' बदलत नाहीत, तर 'हो' तरी कुठे बदलतील? फक्त ते त्यांच्या तोंडून आधी निघायला हवं.

तेव्हा मी जळगावला कॉलेजात जात होते आणि आमच्याकडे जपानी ॲनिमे बघणाऱ्या पोरापोरींचं एक टोळकं होतं. दरवर्षी ते एका मालिकेला ट्रॉफी देत. ट्रॉफी कबड्डीची होती, वर पाय उचललेला खेळाडू होता, पण ते आम्ही चालवून घेतलं होतं. त्या वर्षी शेवटच्या फेरीत जी मालिका आली ती संगीताची आणि प्रेमाची. टोळक्यात सुरातलं कळणारं कोणी नाही, कॉलेजच्या संगीताच्या सरांनी कार्टूनचं नाव ऐकून हाकलून दिलेलं. आता त्या मालिकेतला हिरो कोण असावा? जपानात बाजारपेठेतून वाजत गाजत दुकानांची जाहिरात करत फिरणारे छोटे बँड असतात म्हणे. तशा बँडमध्ये गळ्यात अकॉर्डियन अडकवून फिरणारा मुलगा! आणि मुलगी कोण, तर संगीताच्या कडक मास्तराची व्हायोलिन वाजवणारी लेक. मी मालिका बघताना पलंगावरून खाली पडायची राहिले. दुसऱ्या दिवशी टोळक्याला सांगितलं, "परीक्षक मिळाला. जिल्ह्यात त्यांच्या तोडीचा नाही."

आबांना सांगितलं तेव्हा ते भरताची वांगी भाजत होते. थंडीत हे काम ते कोणाला देत नसत. अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर लांबट हिरवी वांगी उलटसुलट करायची, आणि घरभर तो खरपूस वास सुटला की आईनं लाकडी बडगीत मिरच्या-लसूण ठेचायला घ्यायचा. "कॉलेजनं परीक्षक म्हणून बोलावलंय," मी म्हणाले, "जपानची संगीतस्पर्धा आहे म्हणा." आबांनी वांगं फिरवलं. "जपान?" "हो." "मंडळं किती?" "एकच." "एकाच मंडळाची स्पर्धा?" "बक्षिसाला लायक आहे की नाही तेवढंच सांगायचं." आबांनी वांगं विस्तवावरून उतरवलं. मग आत जाऊन टोपी बदलून आले. मला तेव्हाच कळलं की काम झालं.

सोमवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. आबा मधल्या खुर्चीत. शेजारी नाना, सहपरीक्षक म्हणून स्वतःच नेमलेले. आई पापडाचा डबा घेऊन. समोरच्या किराणा दुकानाच्या भाभी, मूळच्या राजस्थानच्या, हिंग द्यायला म्हणून आल्या त्या शेवटपर्यंत गेल्याच नाहीत. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथी निवडत आमच्याकडे पाठ करून बसली. तिला हा सगळा प्रकार मूर्खपणाचा वाटत होता आणि ती तसं दिवसातून तीनदा सांगत होती. खालच्या इंग्रजी ओळी वाचून मी सगळ्यांचे आवाज मराठीत काढत होते. पोराचं नाव हारुतो, त्याचा पाच मिनिटांत हरी झाला. पोरगी मिओ, तिची मीरा झाली.

पहिला भाग संपायच्या आत कामकाज तीन वेळा थांबलं. पहिल्यांदा आबांनी थांबवलं. "ही गुलाबी फुलं एवढी का गळतायत? झाडाला काही कमी पडतंय. पोटॅश द्यायला पाहिजे." दुसऱ्यांदा आईनं. "याचे आईबाप कुठायत?" मी म्हणाले, परदेशात असतात, ॲनिमेत नेहमी तसंच असतं. "एकटं राहतं पोरगं? आणि जेवतं काय?" नेमका तेव्हाच हरी गच्चीवर बसून नुसता पाव खात होता. आईनं कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून ती रोज टीव्हीकडे बघत "माय वं, आज तरी भात मिळाला का याला" म्हणून काळजी करायला लागली, आणि आपल्याच ताटातला घास तिला जाईना. तिसऱ्यांदा भाभींनी. "दोघांच्या घरचे भेटले का? नाही? मग हे एका छत्रीत कसे चालले?"

गुण देताना खरी पंचाईत उच्चाराची झाली. नाना म्हणाले की जपानी कोणाला येते, तो विषय सोडून द्या. आबा म्हणाले, विषय सोडला तर उद्या ताल पण सोडाल. शेवटी ते डोळे मिटून हरीचं बोलणं ऐकत राहिले आणि म्हणाले, "कळत नाही, पण स्पष्ट आहे. दहापैकी आठ." शिस्तीच्या गुणांत जपानी माणसं बूट दाराबाहेर काढतात म्हणून संपूर्ण देशाला दोन गुण जादा मिळाले. तालाला मात्र आबा कडक राहिले. हरीच्या बँडमधला ढोलकीवाला जरा पुढे पळत होता, आणि आबा दर वेळी टीव्हीकडे बोट करून ओरडायचे, "धर! धर त्याला!" पण हरीनं अकॉर्डियनचा भाता उघडला की खोलीत कोणी पापडाचा आवाज करत नसे. उंबऱ्यातली मेथीही थांबायची. मी तिरक्या नजरेनं बघायची. अक्काची बोटं मांडीवर पट्ट्या शोधत असायची.

बुधवारपर्यंत घराची घडी विस्कटली. आबा बागेतून लवकर येऊ लागले. केळीचे घड कापायला आलेली माणसं विचारायला लागली की आबा कुठे जातात, तर नाना सांगायचे, "जपानना निकाल शे." हरी काही केल्या मीरेला मनातलं सांगत नव्हता. तो तोंड उघडायचा आणि रेल्वे जायची. तोंड उघडायचा आणि आकाशात शोभेची दारू उडायची. तोंड उघडायचा आणि ती शिंकायची. नानांचा जीव खालीवर. "काब्र बोलत नही हाऊ पोऱ्या? बठ्ठं गाव बाजा ऐकी राहिनं, त्या पोरले सांगाले काय व्हस त्याले?" सगळं गाव बाजा ऐकतंय आणि पोरीला सांगायला याला काय होतंय, हा नानांचा सवाल. भाभी म्हणाल्या, "लडकी सोन्यासारखी आहे, पण लडका गूंगा आहे का?" मी आतून घाबरले. कारण आमचा धुळ्याचा हिरो डिट्टो तसाच होता.

शुक्रवारी शेवटचा भाग. मीरा मोठ्या शहरात शिकायला निघाली. स्टेशनवर हरी आला, गळ्यात अकॉर्डियन. नाना खुर्चीच्या काठावर. आईनं देवाकडे बघितलं. हरीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि वाजवायला लागला. काय वाजवलं म्हणून सांगू! आज इतकी वर्षं झाली, पण आमच्या पुढच्या खोलीतली ती शांतता मला अजून ऐकू येते. गाडी हलली. मीरा हसली, रडली, गेली. पडद्यावर नावं यायला लागली.

"पुढचा भाग लाव," आबा म्हणाले.

"संपलं, आबा."

"संपलं म्हणजे? साखरपुडा?"

"नाही झाला."

खोलीत असा काही गलका झाला की दुकानातला नोकर भाभींना काय झालं म्हणून धावत आला. आई रडत म्हणत होती की आईबाप जवळ असते तर ही वेळ आली नसती. नाना कंपनीला फोन लाव म्हणून माझ्या मागे लागले. आबा उठले. टोपी सरळ केली.

"सूर," आबा म्हणाले, "दहापैकी दहा." आजवर त्यांनी सुराला दहा कोणाला दिले नव्हते. "बँडवाला असून दहा. मी आयुष्यभर म्हणत आलो की बँडला सूर नसतो. ते चुकलं. पोरगा गुणी आहे. पण बक्षीस नाही." "ज्याला एवढा सूर आहे त्यानं एका मुलीला चार शब्द बोलू नयेत? अरे, बँडवाला असू दे नाहीतर कोणी असू दे! तोंड उघडून मागितलं असतं ना, तर तिच्या बापाला मी स्वतः जाऊन समजावलं असतं. लगीन लावून दिलं असतं मी! हा माझा निकाल."

त्या वर्षी कबड्डीची ट्रॉफी कोणालाच मिळाली नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे मागे काही राहायला नको.

उंबऱ्यातून अक्काचा आवाज आला. "आणि मुलीनं तोंड उघडलं तर?"

आबा अजून तापलेलेच होते. "कोणीही उघडा! पण कोणीतरी उघडा रे बाबांनो!"

"मग मी उघडते," अक्का म्हणाली. उठून उभी राहिली. ओच्यातली मेथी सगळी खाली सांडली. "धुळ्याला किरण म्हणून आहे. बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. मला त्याच्याशी लग्न करायचंय. सावद्याच्या लोकांना येऊ देऊ नका." एवढं म्हणून तिनं भिंतीला हात टेकला. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

आबांचा चेहरा मी विसरणार नाही. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. मग ते आधारासाठी सहपरीक्षकाकडे वळले. नानांनी शांतपणे तंबाखू मळली. "निकाल दिधा शे तुम्ही. भाभी साक्षी शे. आते काय?" भाभींनी डोळे पुसत मान हलवली. आबा बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत बागेच्या बांधावर बसून राहिले. भरीत होतं तरी जेवले नाहीत. सकाळी चहा पिताना एकदम म्हणाले, "दहा गुण दिले ते चित्रातल्या पोराला. धुळ्याचा मी ऐकलेला नाही. ऐकल्याशिवाय परीक्षक बोलत नाही. आज कुठे वाजवतोय तो?" अक्काला पत्ता तोंडपाठ होता.

आबा, नाना आणि मी एसटीनं निघालो. अक्काला आबांनी घरी ठेवलं. "घरच्या माणसासमोर परीक्षा होत नाही," म्हणाले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आबा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं अजून रागात आहेत. तेवढ्यात ते बाहेरच बघत म्हणाले, "ती गेली की पेटीवर कोण बसणार गं बेबी?" एवढे दिवस मी त्यांना हरवायच्या मागे होते आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सावद्याला दिली असती तरी गेलीच असती ती. पण सावदा त्यांनी डोळे झाकून ठरवलं होतं आणि आता डोळे उघडले होते.

धुळ्यात वरात सापडायला वेळ लागला नाही, दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येत होती. किरण मला ओळखत होता, म्हणून मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळला. धुळ्याच्या उन्हात सगळ्याच मुली तशा असतात. नाना तर वरात दिसताच नाचत आत घुसले आणि दिसेनासे झाले. आबा मात्र हात पाठीमागे बांधून, टोपी सरळ करून, गाड्याच्या बरोबर बाजूनं चालायला लागले. कान कीबोर्डकडे. मधूनच ढोलवाल्याकडे रागानं बघून बोटानं ताल धरून दाखवत. मुलाकडच्यांना वाटलं की हे मुलीकडचे कोणी मोठे, बँड बघायला पुढे आलेत. मुलीकडच्यांना वाटलं की वरातीच्या पुढे एवढ्या ताठ्यानं चालणारा माणूस म्हणजे नवरदेवाचा मामाच. कोणीतरी आबांच्या टोपीवर फेटा बांधला. बांधणाऱ्याला आबा म्हणाले, "जरा हळू, ऐकतोय."

मारुतीच्या देवळापाशी नवरदेव दर्शनाला आत गेला आणि बँड थांबला. किरणनं कपाळाचा घाम कोटाच्या बाहीला पुसला. कोट तोच, अजूनही दोन मापं मोठा. आबा गाड्याला टेकले.

"एक पट्टी दबते तुझी."

किरण दचकला. "तुम्हाला कळलं, काका?"

"दुरुस्त का करत नाहीस?"

किरण खाली बघायला लागला. मला वाटलं, झालं, आता हा हरीसारखा वाजवायला लागणार. पण तो म्हणाला, "नाही करायची. त्या पट्टीमुळे एक मुलगी वरात सोडून माझ्याकडे आली होती. राहू दे तिला तशी."

आबांनी घसा खाकरला. "मग तिच्या बापाला जाऊन सांग की."

"उद्याच जाणार आहे, काका. बोलायचं पाठ करतोय रोज. पण माणूस फार कडक आहे म्हणतात. मोठे परीक्षक आहेत. उच्चाराचे गुण कापतात."

फेट्याखाली आबांचे कान लाल झालेले मला दिसले. "म्हण बघू," ते म्हणाले.

"काय?"

"पाठ केलंय ते. मी ऐकतो. भजनातला माणूस आहे मी, चुकलं तर सांगीन."

आणि देवा, तो मुलगा त्या गाड्याला धरून, त्या भल्यामोठ्या कर्ण्यांखाली उभा राहून म्हणायला लागला. "मी किरण. बँडमध्ये वाजवतो. तुम्हाला बँड आवडत नाही, मला माहीत आहे. तुमच्या मुलीला जसा सूर कळतो, तसा कळणारं माणूस मी पाहिलं नाही. लग्न झालं म्हणून तिनं तुमची पेटी सोडावी असं मला वाटत नाही. दर गुरुवारी भजनाला ती तुमच्या पेटीवर बसेल. तिला मी आणून सोडीन."

आबांनी तोंड फिरवलं. खूप वेळ मारुतीच्या शेंदराकडे बघत राहिले. "उच्चार स्पष्ट आहेत," एवढंच म्हणाले, आणि नवरदेव बाहेर आला, बँड सुरू झाला.

मांडवाच्या दारात व्याहीभेट होती. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांना हार घालून गळाभेट घ्यायची. कर्ण्यावरून पुकारलं, "नवरदेवाचे मोठे मामा!" आणि मुलीकडच्या चार माणसांनी आबांना उचलल्यासारखं पुढे नेलं. मी ओरडणार होते, पण आबा विरोध करतील असं काही दिसेना. समोरून मुलीचा मामा आला, हार घातला, आणि आबांनी त्या अनोळखी माणसाला अशी काही मिठी मारली की तो बिचारा कावराबावरा झाला. आबा सोडेनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खरा मामा मागे उभा राहून बघत होता, आणि त्यालाही भरून आलं. टॉवेल-टोपी मिळाली, नारळ मिळाला, पंगतीत वरण-बट्टी मिळाली. वांग्याच्या भाजीला आबांनी सात गुण दिले. नाना पंगत संपता संपता सापडले, गुलालात रंगलेले, आणि आपण कोणाच्या लग्नात नाचलो ते त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा अक्का दारातच होती. आबांनी गळ्यातला हार काढून पेटीवर ठेवला. "सूर नऊ. एक गुण त्या पट्टीचा कापला," ते म्हणाले. मग ते आईकडे वळले. "सावद्याला फोन लाव. उद्या येऊ नका म्हणावं. उद्या दुसरे पाहुणे आहेत."

रविवारी किरण आला. अंगात ढगळ कोट नव्हता, पांढरा शर्ट होता, आणि तो कोटाशिवाय आणखीच बारीक दिसत होता. आत पाऊल टाकलं आणि मधल्या खुर्चीवर आबा दिसले. किरणचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पाठ केलेलं सगळं पार उडालं असणार. आई, भाभी, नाना, उंबऱ्यात अक्का, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. हायवेवरून एक ट्रक हॉर्न देत गेला. हरीची रेल्वे गेली होती अगदी तशीच. अक्कानं डोळे मिटून घेतले.

तेव्हा आबा उठून उभे राहिले. भजनात एखादा गायक शब्द विसरला की मागचा माणूस हळूच सांगतो, तसं, पुढे वाकून म्हणाले, "'मी किरण.'"

"मी किरण," किरण म्हणाला.

"'बँडमध्ये वाजवतो.'"

"बँडमध्ये वाजवतो."

एकदाच ऐकलेलं, पण आबांना शब्दनशब्द येत होता. ओळीमागून ओळ ते सांगत गेले आणि किरण म्हणत गेला. "'दर गुरुवारी भजनाला ती तुमच्या पेटीवर बसेल,'" आबा म्हणाले, आणि पुढची ओळ सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. ते नुसते ओठ हलवत अक्काकडे बघत राहिले.

"तिला मी आणून सोडीन," किरण स्वतःच म्हणाला.

"दी टाका आते बठ्ठे गुण!" नाना ओरडले.